दीड दिवसाचं पॅरिस

पुणे-सातारा रस्त्यावर खेड-शिवापूरचा टोलनाका मागे टाकला की थोड्याच अंतरावर वरवे बुद्रुक लागतं. बहुतेकांना ते गाडीच्या काचेतूनच लागतं. तरी या टापूचा युरोपशी संबंध जुना आहे. थोडं पुढे नसरापूरला बनेश्वराच्या देवळात एक घंटा आहे. तिच्यावर क्रूस कोरलेला आहे आणि १६८३ हे साल. चिमाजी अप्पांनी १७३९मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा चर्चच्या घंटा मराठी मुलखात आल्या आणि देवळादेवळांतून टांगल्या गेल्या. त्यातली एक १७४९ साली नानासाहेब पेशव्यांनी बांधलेल्या बनेश्वराच्या वाट्याला आली. म्हणजे युरोप आपल्याकडे येऊन गेला होता, परतभेट तेवढी राहिली होती. ती द्यायला पावणेतीनशे वर्षांनी वरव्याचे एक चिरंजीव निघाले.

चिरंजीव जर्मनीत आखेनला इंजिनिअरिंगचं पुढचं शिक्षण घेतात. वय चोवीस. दीड दिवसाच्या गणपतीसारखी ही सहल दीड दिवसाचीच होती: २०२५च्या नोव्हेंबरातला एक शनिवार आणि अर्धा रविवार. सोमवारी सकाळी प्रयोगशाळेत हजेरी होती. शुक्रवारी रात्रीची बस पकडली, कारण रेल्वेच्या तिकिटाच्या युरोंना ढोबळमानाने शंभरने गुणल्यावर रुपयांत जो आकडा आला तो पाहून चिरंजीवांना एकदम बसप्रवासाची आवड उत्पन्न झाली. चारशेच्या आसपास किलोमीटर. वाटेत अख्खा बेल्जियम. रात्रीतून दोन सीमा ओलांडल्या आणि कुणी थांबवलं नाही, हे तात्यांना, म्हणजे थोरल्या चुलत्यांना, पटेना. “दोन देश ओलांडले आणि एकाही नाक्यावर रांग नाही? झोपला असशील.”

शिकायला युरोपात गेलेला मराठी विद्यार्थी पॅरिसला जाऊन येतो, ही प्रथा काही आजची नाही. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट शिष्यवृत्तीवर एडिंबराला गेले होते. तेही पॅरिसला गेले, ते बाँब बनवण्याची विद्या शिकायला. पुढे वेल्ह्याशेजारच्या मुळशीत त्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला आणि आपण त्यांना सेनापती म्हणू लागलो. र. धों. कर्वे पॅरिसला गणित शिकायला गेले. चिरंजीवांचा हेतू त्या मानाने निरुपद्रवी होता. त्यांना फोटो काढायचे होते.

पण फोटो कशाचे, हे वरव्यात ठरलं होतं. घरच्या ग्रुपवर यादी आली. आईला आयफेल टॉवर, आत्याला मोनालिसा आणि तात्यांना युनेस्कोची कचेरी. ११ जुलै २०२५ला त्याच कचेरीत भरलेल्या बैठकीत मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, आणि त्यात आपल्या वेल्ह्याचा राजगड आहे. चेलाडी फाट्यावरून आत वळून गुंजवणे गाठायचं आणि गड चढायचा, हे तात्यांनी इतक्या वेळा केलं आहे की गडाची शिफारस आपणच केली होती असं त्यांना वाटतं. “जिथं आपल्या गडावर शिक्का बसला ती जागा आधी बघ. लोखंडाचा टॉवर काय, कुठं पळून जात नाही.”

तेव्हा पॅरिसला उतरून, दात घासून, चिरंजीव सगळ्यात आधी फाँतन्वा चौकात युनेस्कोच्या दारात उभे राहिले. इतकं जग फिरायला येतं त्या शहरात सकाळी आठला या इमारतीपुढे सेल्फी काढणारा माणूस तोच असावा. १९५८ची ही इमारत वरून पाहिली तर इंग्रजी वाय अक्षरासारखी आहे. खालून पाहिली तर तिच्यात भरपूर खिडक्या आहेत, यापलीकडे सांगण्यासारखं काही दिसत नाही. त्यात शनिवार, कचेरी बंद. फोटो पाहून तात्यांचा अभिप्राय आला, “ही तर आपल्या झेडपीसारखी दिसते.” पण अर्ध्या तासात तोच फोटो त्यांच्या स्टेटसला होता. गंमत म्हणजे पॅरिसचा सेन नदीचा काठही १९९१पासून त्याच यादीत आहे. राजगडाच्या नावापुढे आता जे बिरूद लागतं, तेच आयफेल टॉवर ज्या काठावर उभा आहे त्या काठालाही लागतं, आणि सुवेळा माचीवरून दिसणारा सूर्योदय सेनकाठी कुठून दिसतो, असं तात्यांनी विचारलं तर उत्तर नाही.

टॉवरपाशी मात्र पेच आला. दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या आहेत आणि त्या चढायलाही तिकीट आहे. लिफ्टपेक्षा स्वस्त, पण तिकीटच. गुंजवण्याकडून चोरदरवाज्याने पद्मावती माची गाठलेल्या माणसाला पायऱ्यांची भीती नव्हती, स्वतःच्याच पायांनी चढायचे पैसे द्यायचे हे झेपेना. शेवटी दिले. वर गेल्यावर कळलं की त्याच्या पुढे शेंड्यापर्यंत पायी सोडतच नाहीत, लिफ्टच घ्यावी लागते. चिरंजीवांनी शेंडा खालून पाहिला.

टॉवरची जन्मकथा तात्यांना फोनवर ऐकवली ती अशी. १८८९च्या प्रदर्शनासाठी हा बांधायला घेतला तेव्हा पॅरिसमधल्या मातब्बर लेखक-कलावंतांनी जाहीर निषेध केला होता. त्यात मोपासाँ होता. परवानगी वीसच वर्षांची होती, त्यानंतर हे लोखंड उतरवायचं होतं. पण एवढ्या उंचीवरून बिनतारी संदेश लांबवर जातात हे लष्कराच्या ध्यानात आलं आणि टॉवर वाचला. आज अँटेना धरून उंची ३३० मीटर आहे. तात्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे शेवटी मोबाइलचाच टॉवर. जागेचं भाडं किती मिळतं?”

संध्याकाळी सहाला दिवे चमचमायला लागले. अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटं वीस हजार दिवे लुकलुकतात. वरव्यात तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि आजीला मुद्दाम उठवलं होतं. आजीने फोनच्या पडद्यात डोकं घालून पाहिलं.

“कुणाचं लगीन हाय?”

“अगं आजी, रोजच असतं हे.”

“रोज? आन् लाइट जात न्हाई?”

सप्टेंबर २०२२मध्ये विजेची टंचाई झाल्यापासून टॉवरची रोषणाई पावणेबारालाच मालवू लागले, हे चिरंजीवांनी सांगितलं. आजीचं समाधान झालं. लाइट तिथंही जाते, एवढं कळल्यावर ती झोपायला गेली.

टॉवरपासून नदीकाठाने खाली चालत गेलं की मधल्या चिंचोळ्या बेटावर स्वातंत्र्यदेवता उभी दिसते. न्यूयॉर्कची मूळ मूर्ती फ्रान्सने दिलेली, तिच्या आतला लोखंडी सांगाडा टॉवरवाल्या आयफेलचाच. १८८९ साली पॅरिसमधल्या अमेरिकनांनी तिची ही धाकटी आवृत्ती शहराला परत भेट दिली. कापूरहोळवरून नारायणपूरच्या वाटेला लागल्यावर केतकावळ्याचा प्रतिबालाजी ज्याने पाहिला आहे, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. चिरंजीवांनी फोटोखाली ‘प्रतिलिबर्टी’ लिहिलं आणि आईने हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं.

जेवणाचा प्रश्न लांब पावाने सोडवला. हा पाव, म्हणजे ‘बागेत’, करण्याची कला २०२२ साली युनेस्कोच्याच अमूर्त वारशाच्या यादीत गेली. ही मंडळी यादीत काय काय घालतील सांगता येत नाही. दुकानात शिरताच “बाँझूर” म्हटलं नाही तर दुकानदारीणबाई तुमच्याकडे पाहत नाहीत, हे दोनदा अनुभवून झालं होतं. तिसऱ्यांदा चिरंजीव दारातूनच ओरडले. पाव मिळाला. तो मधोमध चिरून आत घरून आलेला हिरव्या मिरचीचा ठेचा भरला. शेजारच्या बाकावरच्या फ्रेंच आजोबांनी कुतूहलाने एक घास मागितला, आणि मग वॉलेसच्या नावाचा तो हिरवा लोखंडी नळ शोधत गेले. रिचर्ड वॉलेस नावाच्या इंग्रज धनिकाने १८७२पासून शहरात असे पिण्याच्या पाण्याचे नळ बसवून दिले. दीडशे वर्षांनी ते ठेच्यासाठी उपयोगी पडले.

रविवारी लूव्र. इथे चिरंजीवांच्या खिशाला सुटी होती: युरोपीय आर्थिक क्षेत्रात राहणाऱ्या सव्विसाच्या आतल्यांना प्रवेश फुकट. मोनालिसाचं चित्र ७७ बाय ५३ सेंटिमीटरचं, आणि तिच्यापुढचे उंचावलेले मोबाइल मोजण्यापलीकडचे. आत्यासाठी काढलेल्या फोटोत मोनालिसा आहे, पण ती एका जपानी काकांच्या फोनच्या पडद्यावर. १९११ साली पेरुजिया नावाच्या कामगाराने हे चित्र पळवलं, तेव्हा भिंतीवरची रिकामी जागा बघायला लोक रांगा लावत होते. ती हौस अजून टिकून आहे. १९ ऑक्टोबर २०२५ला चोरांनी शिडीची गाडी लावून बाल्कनीतून आत शिरून आठ मिनिटांच्या आत राजघराण्याचे दागिने लांबवले. तात्यांना आता मोनालिसा नको होती, ती बाल्कनी हवी होती.

खरं बघण्यासारखं चित्र मोनालिसाच्या समोरच्या भिंतीवर आहे आणि लोक त्याच्याकडे पाठ करून उभे असतात. व्हेरोनेझेचं ‘काना गावचं लग्न’, जवळजवळ दहा मीटर रुंद. भरल्या पंगतीत पेय संपलंय आणि यजमानांची अब्रू पणाला लागली आहे, असा प्रसंग. भोर तालुक्यातली लग्नं ज्याने वाढपी म्हणून काढली आहेत, तो या चित्रापुढे वीस मिनिटं उभा राहिला यात नवल नाही. हे चित्र नेपोलियनच्या सैन्याने १७९७ साली व्हेनिसच्या एका मठातून उचलून आणलं आणि परत दिलं नाही. बनेश्वरच्या घंटेचं काय, असं कुणी विचारू नये. आपण ती रोज वाजवतो तरी.

दुपारी परतीची बस होती.

जाणाऱ्यांसाठी एवढंच: लूव्र मंगळवारी बंद असतं. जानेवारी २०२६पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून येणाऱ्या मोठ्यांना तिथे ३२ युरो पडतात. त्या क्षेत्रात शिकत असाल आणि सव्विसाच्या आत असाल तर मूळ निवास परवाना खिशात ठेवा, वेळ आधी आरक्षित करा, आणि युनेस्कोची कचेरी बघायची असेल तर शनिवारी जाऊ नका.