सव्वा तासात गोवा, माणगावचं बघू

पनवेलकर आता गोव्यापासून सव्वा तासावर राहतात. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडू लागली आणि गोव्याचं मोपा विमानतळ पहिल्याच यादीत होतं. सरळ रेषेत अंतर साधारण ३७० किलोमीटर. हार्बरची लोकल पनवेलहून सीएसएमटीपर्यंतच्या ४९ किलोमीटरना जवळपास तेवढाच वेळ घेते, तोही बहुतेकांना उभ्याने.

तिकिटावरचा सव्वा तास सगळा हवेतला नसतो, हे जाता जाता सांगून ठेवतो. विमान इथल्या जागेवरून हललं की घड्याळ सुरू, तिथल्या जागेवर थांबलं की बंद. त्यात कंपन्या काही मिनिटं राखूनही ठेवतात, म्हणजे धावपट्टीवर रखडलेलं विमानसुद्धा ‘वेळेवर’ पोचतं. तुम्ही दोन तास आधी जाऊन बसलात, तो तुमचा खासगी प्रश्न.

पण खरी गंमत आकाशात नाही, खाली पळस्पे फाट्यावर आहे. मुंबई-गोवा महामार्ग तिथून निघतो. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या पट्ट्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. विमानतळाचं भूमिपूजन १८ फेब्रुवारी २०१८ चं. वयाने हा सहा-सात वर्षांनी धाकटा. त्याच्यासाठी उलव्याची टेकडी सुरुंग लावून सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं उठवली आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटनही उरकलं. डोंगर हलला, नदी हलली, माणसं हलली. इंदापूर आणि माणगावचे बायपास मात्र त्याच वर्षीच्या गणपतीतही अर्धवट. नदीला नवी वाट मिळाली, महामार्गाला डायव्हर्जनचे फलक.

कारणं विचाराल तर ती खोटी नाहीत. भूसंपादन अडलं, कर्नाळा अभयारण्य आडवं आलं, ठेकेदाराचे पैसे आटले. पण विमानतळाच्या वाटेत तरी काय मोकळं मैदान होतं? खारफुटी होती, पर्यावरणाची परवानगी होती, प्रकल्पग्रस्तांचे मोर्चे होते. तिथे प्रत्येक अडचणीवर तोडगा निघाला. इथे प्रत्येक अडचणीवर नवी तारीख निघाली. विमानाला उशीर झाला की बोर्डिंग गेटवरूनच मंत्र्यांना टॅग केलं जातं. माणगावच्या कोंडीत अडकलेल्या एसटीतल्या माणसाची बातमी वर्षातून एकदा होते, गणपतीच्या आधी. मग मंत्री पाहणी दौरा करतात, खड्ड्यांत खडी पडते आणि विसर्जनापर्यंत ती वाहून जाते.

अशाने रायगडचा भूगोलच उलटा झाला आहे. गोवा जवळ, महाड लांब.

तेव्हा येत्या गणपतीसाठी सल्ला. बांदा-सावंतवाडीकरांनी खुशाल विमानाने जावं; मोप्याला उतरून राज्याची हद्द ओलांडून उलटं महाराष्ट्रात यावं, लवकर पोचाल. माणगाव-महाडकरांनी तिकिटाचा विचार करू नये, मध्ये उतरता येत नाही. त्यांनी पळस्प्याहूनच निघावं, आणि पहाटे चारच्या आत.