बिनपगारी, फुल अधिकारी

सरकारी पदाचा दर्जा ठरवायचा तर सामान्य माणूस पगार बघतो, बंगला बघतो, गाडीवर दिवा आहे का ते बघतो. जाणकार एवढंच विचारतो की हा गृहस्थ वर्षभर घरी बसला तर कोणाचं काय अडेल? 'काही नाही' असं उत्तर आलं की पद अव्वल दर्जाचं. या कसोटीवर मुंबईच्या शेरीफपदाच्या जवळपास फिरकेल असं दुसरं पद मला तरी ठाऊक नाही. मुदत एक वर्ष, पगार नाही, सत्ता नाही, मान मात्र महापौरांच्या खालोखाल.

कामंही पदाला शोभतील अशीच. परदेशी पाहुणा आला की स्वागत करायचं, शहरातलं मोठं माणूस गेलं की शोकसभेला अध्यक्ष व्हायचं. एकोणिसाव्या शतकात नागरिकांना जाहीर सभा घ्यायची असली की ते सह्या गोळा करून शेरीफला अर्ज करत आणि शेरीफ टाउन हॉलात सभा बोलावत असे. डॉ. भाऊ दाजी लाड १८६९ आणि १८७१ असे दोनदा शेरीफ झाले. दवाखाना, कुष्ठरोगावरच्या औषधाचा शोध, शिलालेखांचं वाचन, एवढी कामं उरावर असलेल्या माणसाला एक तरी बिनकामाचं पद देणं ही शहराची माणुसकीच म्हणायची. १९८० साली दिलीपकुमार शेरीफ झाले. शोकसभांचं खातं थेट ट्रॅजेडी किंगकडे देण्याइतकी सूक्ष्म दृष्टी सरकारने त्याआधी किंवा नंतर दाखवल्याचं आठवत नाही.

कागदोपत्री पाहायला गेलं तर शेरीफला काम भरपूर आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या ओरिजिनल साइडची समन्सं बजावणं, जप्ती आणणं, लिलाव पुकारणं हे सगळं शेरीफच्या नावाने चालत आलं. त्यातला सगळ्यात झोकदार प्रकार म्हणजे जहाजाला अटक. परदेशी जहाज बंदरात लागतं. मालकाने कुठे तेलाचे पैसे बुडवलेले असतात, कुठे खलाशांचे पगार थकवलेले असतात. धनको कोर्टात जातो, कोर्ट हुकूम काढतं आणि बेलिफ कागद सांभाळत लाँचमध्ये बसतो. जहाजाच्या भिंतीला लाँच टेकवायची, शिडीने वर चढायचं, वॉरंट दर्शनी जागी चिकटवायचं आणि खाली उतरायचं. हजारो टन लोखंड त्या डिंकाच्या जोरावर जागच्या जागी उभं राहतं. पैसे नाहीच आले तर 'आहे तसं, आहे तिथे' या अटीवर विक्री. यातलं काही शेरीफसाहेबांना स्वतः करावं लागत नाही. १९९४ साली सुनील गावसकर शेरीफ होते. हेल्मेटशिवाय माल्कम मार्शलसमोर उभा राहिलेला माणूस शिडीला घाबरला असता असं नव्हे. पण त्या कामाला उपशेरीफ आणि बेलिफ असतात. ते पगारी असल्यामुळे त्यांचे फोटो पेपरात येत नाहीत.

कोलकात्याने ही परंपरा निष्ठेने जपली. चेन्नईने गेल्या शतकाच्या अखेरीस पदच मोडीत काढलं. तिथल्या लोकांना हिशेबाची सवय जास्त.

पण याहूनही वाईट उदाहरणं आहेत. स्कॉटलंडने शेरीफला न्यायाधीश करून ठेवलं आहे. बिचाऱ्याला कायदा शिकावा लागतो, रोज कोर्टात बसून साक्षी ऐकाव्या लागतात, गंभीर खटल्यात पाच वर्षांपर्यंत कैद सुनावावी लागते. एका सुंदर पदाची याहून नासाडी काय व्हायची!

अमेरिकेने तर ते निवडणुकीलाच लावलं. तिथे तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत आणि बहुतेक ठिकाणी शेरीफ मतं मागून निवडून येतो. हाताखाली पोलीस, ताब्यात तुरुंग. तरीही अलाबामा राज्याने त्यातून एक नमुनेदार व्यवस्था काढली होती. कैद्याच्या जेवणासाठी राज्याकडून माणशी रोज पावणेदोन डॉलर मिळायचे आणि त्यातून उरेल ते शेरीफने खुशाल स्वतःच्या खिशात घालायचं. काटकसरीला असं उत्तेजन दुसऱ्या कुठल्या कायद्याने दिलं असेल? मॉर्गन काउंटीच्या शेरीफांनी तीन वर्षांत २,१२,००० डॉलर उरवले. मक्याच्या पिठात सॉसेज बुडवून काडीला टोचून तळतात, त्याला कॉर्न डॉग म्हणतात. हा माल एकदा अर्धा ट्रक ५०० डॉलरला हाती लागला. मग काय, सकाळी कॉर्न डॉग, संध्याकाळी कॉर्न डॉग, असे कित्येक आठवडे. आपल्याकडच्या खानावळवाल्यांनी तिकडे एक अभ्यासदौरा न्यायला हवा होता. गुणांची पारख नसलेल्या फेडरल न्यायाधीशांनी जानेवारी २००९ मध्ये शेरीफांनाच तुरुंगात धाडलं. एका दिवसात ते सुटले. कायदा मात्र २०१९ पर्यंत टिकला. चांगल्या गोष्टी एवढ्यातेवढ्याने मरत नाहीत.

मूळ घराण्याकडे, म्हणजे इंग्लंडकडे वळलं की जीव शांत होतो. तिथे प्रत्येक काउंटीला हाय शेरीफ. मखमली कोट, गुडघ्यापर्यंत विजार, गळ्याशी लेस, बकलाचे बूट आणि कमरेला तलवार. पगार शून्य आणि वर्षभराचा खर्च पदरचा. संसदेच्या निवडणुकीत काउंटीच्या मतदारसंघांचा निवडणूक अधिकारी कायद्याने हाच. प्रत्यक्षात मतमोजणीपर्यंत सगळं राबणं दुसऱ्याच्या वाट्याला. साहेबांना हवा तर निकाल तेवढा वाचून दाखवता येतो.

याची नेमणूकही पाहण्यासारखी. कातड्यावर लिहिलेली नावांची यादी राजापुढे येते आणि राजा सही न करता दाभणासारख्या सुईने नावापुढे भोक पाडतो. पहिली एलिझाबेथ बागेत भरतकाम करत बसली होती, लेखणी जवळ नव्हती, म्हणून ही प्रथा पडली असं सांगतात. पण तिच्या आजोबांच्या काळातलीही भोकं सापडली आहेत. खरं कारण जास्त पटण्यासारखं आहे. त्या काळी शेरीफला राजाचा वसूल गोळा करावा लागे आणि तूट आली तर घरातून भरावी लागे. शाईची खूण चाकूने खरवडून नाव काढून घेता येतं. कातड्याला पडलेलं भोक कोण बुजवणार? आपली तहसील कचेरी अजून शाईवर विसंबून आहे, हे खेदाने नमूद करावं लागतं.

तरीही या विषयातली सगळ्यात मोठी प्रतिभा दाखवली ती लंडन शहराने. अठराव्या शतकात शहराला आपल्या लॉर्ड मेयरसाठी मॅन्शन हाउस नावाचा वाडा बांधायचा होता. पैसा हवा होता. कायदा असा होता की अँग्लिकन चर्चमध्ये वर्षभरात प्रसाद घेतलेला नसेल तर शहरातलं असं पद घेता येत नाही. वेगळ्या पंथाचे सधन व्यापारी तो घेत नसत. त्यांच्या श्रद्धेत ते बसत नव्हतं. १७४८ मध्ये शहराने नियम केला की शेरीफपदासाठी नाव पुढे आल्यावर जो नाही म्हणेल त्याला ४०० पौंड दंड आणि निवडून आल्यावर नाकारेल त्याला ६००. मग एकेक धर्मनिष्ठ माणूस हेरून त्याला भरघोस मतांनी निवडून देणं सुरू झालं. पद घेतलं तर कायदा मोडला, नाकारलं तर दंड. निवडलेल्यांत एक आंधळे होते, एक अंथरुणाला खिळलेले होते. मतदारांनी वयाचा किंवा अपंगत्वाचा भेदभाव केला नाही. अशी १५,००० पौंडांच्या वर रक्कम जमा झाली आणि वाडा उभा राहिला. अॅलन एव्हान्स नावाचा एक हट्टी म्हातारा मात्र कोर्टात गेला आणि वर्षानुवर्षं लढला. १७६७ मध्ये लॉर्डांच्या सभागृहात लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी हा सगळा प्रकार बेकायदा असल्याचं सुनावलं. तोवर लॉर्ड मेयर वाड्यात राहायला जाऊन पंधरा वर्षं होत आली होती.

महानगरपालिकेच्या तिजोरीची चिंता वाहणाऱ्यांनी या योजनेचा गांभीर्याने विचार करावा. मुंबईच्या शेरीफपदाला एकच नवी अट घालायची. शेरीफ रस्त्याचा कंत्राटदार असावा आणि त्याने जुलैत रोज एकदा स्वतः बांधलेल्या रस्त्यावरून रिक्षाने जावं. नकार दिल्यास दंड. दंडाचा आकडा प्रशासनाने ठरवावा, त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. पहिल्या पावसाळ्यातच एखादा पूल निघून येईल. एखादा कंत्राटदार खरोखरच हो म्हणाला तर मात्र पंचाईत आहे, कारण खुद्द शेरीफच्या शोकसभेला अध्यक्ष कोणी व्हायचं, हे आधी ठरवून ठेवावं लागेल.