आजोबांना दटावणं पुरे

मध्यंतरी कुणालाही फोन लावला की आधी अमिताभ बच्चन सायबर भामट्यांपासून सावध राहायला सांगायचे. बँकेचा एसएमएस तेच सांगतो, शाखेतल्या भिंतीवरचा फलकही तेच. सांगायला हरकत नाही. पण ज्याला सांगताय, त्याच्यापुढे आता काय उभं ठाकलंय हे एकदा डोळे उघडून बघा.

जानेवारी २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 'व्हॅल-ई' नावाचं मॉडेल जगापुढे मांडलं. कुणाच्याही आवाजाचा तीन सेकंदांचा तुकडा दिला की ते त्याच आवाजात हवं ते बोलून दाखवतं. कंपनीनं ते खुलं केलं नाही, पण तशी साधनं पुढे कुणालाही मिळू लागली. नातवाच्या वाढदिवसाच्या रीलमध्ये तीन सेकंदांचं बोलणं सहज सापडतं.

'अरुप' या नामांकित अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँग कार्यालयातल्या एका कर्मचाऱ्याला २०२४च्या सुरुवातीला वित्तप्रमुखाच्या नावानं संदेश आला. गुपचूप मोठी रक्कम पाठवायची होती. त्याला शंका आली. मग व्हिडिओ कॉल झाला, त्यात साहेब दिसले, ओळखीचे सहकारी दिसले, शंका मिटली. १५ वेळा मिळून २० कोटी हाँगकाँग डॉलर गेले. कॉलवरचे ते सगळे चेहरे बनावट होते. हा माणूस सावध होता हो! सावध माणसाची शंका मिटवायलाच तर हे तंत्रज्ञान वापरलं गेलं.

आता पुण्या-नागपुरातल्या एखाद्या निवृत्त शिक्षकाचा विचार करा. पूर्वी भामट्याचं मोडकंतोडकं मराठी ऐकलं की संशय यायचा. आता एआय त्याला अटकेची नोटीस शुद्ध मराठीत लिहून देतं, कलमांसकट, शिक्क्यासकट. 'डिजिटल अरेस्ट'मध्ये हे भामटे पोलीस असल्याची बतावणी करून माणसाला तासन् तास, कधी कधी दिवसचे दिवस, कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवतात. मुलाला फोन करायचा नाही, शेजाऱ्याशी बोलायचं नाही. मग फोन चालू ठेवूनच त्याला शाखेत पाठवतात. तो थरथरत्या हातानं आरटीजीएसचा फॉर्म भरतो. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं तर काय सांगायचं, हेही पढवलेलं असतं. घर घेतोय, म्हणायचं.

त्या क्षणी बँकेच्या संगणकाला काय काय दिसत असतं! या खात्यात वर्षानुवर्षं पेन्शन येते, विजेचं बिल जातं, औषधांचे पैसे जातात. आज एकाच सकाळी सगळ्या एफडी मोडल्या आणि सगळी पुंजी कधीच व्यवहार न झालेल्या, परराज्यातल्या खात्यात निघाली. हे ओळखायला फार मोठी अक्कल लागत नाही. याच ग्राहकाला किती कर्ज परवडेल, हे बँकेचं यंत्र मिनिटभरात काढतं. मग त्याची आयुष्यभराची कमाई निघून जाताना ते गप्प का बसतं?

कारण बुडालेल्या रकमेचा बोजा बँकेवर पडत नाही. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७च्या परिपत्रकानं ग्राहकाला संरक्षण दिलं, ते अनधिकृत व्यवहारांपुरतं. इथे तर ग्राहकानं स्वतः सही केलेली असते. धाकाखाली केलेली असली तरी सही ती सहीच, असं म्हणून बँक मोकळी होते. मला हे मान्य नाही. धाक दाखवून घेतलेली सही संमती कशी ठरते?

ब्रिटननं ७ ऑक्टोबर २०२४पासून याची सोय केली. फसवून करायला लावलेल्या व्यवहारात ग्राहकाला ८५ हजार पौंडांपर्यंत भरपाई, साधारण पाच कामकाजी दिवसांत. त्यातले निम्मे पैसे पाठवणाऱ्या बँकेचे आणि निम्मे ज्या बँकेत ते जमा झाले तिचे. हा दुसरा निम्मा हिस्सा फार मोलाचा आहे. लुटीचा पैसा कुठल्या ना कुठल्या खात्यात उतरतोच, आणि ती भाड्यानं घेतलेली खाती कुठल्यातरी बँकेनं केवायसी करूनच उघडलेली असतात. चार-पाच हजारांसाठी एखादा पोरगा आपलं पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हातात देतो. मग रिकाम्या खात्यात दुपारी लाखो रुपये येतात आणि संध्याकाळच्या आत पुढे पांगतात.

अशी खाती हुडकणारं 'म्यूलहंटर' आपल्याकडे तयार आहे. रिझर्व्ह बँकेच्याच इनोव्हेशन हबनं ते बनवलंय आणि डिसेंबर २०२४च्या पतधोरणात गव्हर्नरांनी त्याचा उल्लेखही केला होता. १९३० या हेल्पलाइनवर वेळेत तक्रार गेली तर रक्कम वाटेत अडवताही येते. पण कॅमेऱ्यासमोर कोंडलेल्या माणसानं तो नंबर फिरवायचा कसा? तिथे यंत्रानंच आडवं यायला हवं: मोठी रक्कम, नवं खातं, वयस्कर ग्राहक असं दिसलं की पैसे दिवसभर थांबवायचे आणि घरच्या माणसाला फोन लावायचा.

१ डिसेंबर २०२५ रोजी डिजिटल अरेस्टच्या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवताना सर्वोच्च न्यायालयानं रिझर्व्ह बँकेलाही सवाल केला: संशयित खाती हेरून गोठवायला एआय का वापरत नाही? हाच सवाल प्रत्येक बँकेच्या वार्षिक सभेत भागधारकांनी उभं राहून विचारावा. सहकारी बँकांच्या सभासदांनी तर आधी. आणि भरपाईचा निम्मा हिस्सा पैसे उतरवून घेणाऱ्या बँकेकडून वसूल करण्याचा नियम रिझर्व्ह बँकेनं आता आणावाच.