रुपयासाठी भांडणाऱ्या वेड्याची स्तुती

मोबाइलच्या बॅलन्समधून एक रुपया कापला गेला, म्हणून कस्टमर केअरला फोन लावून ताटकळत बसणाऱ्या माणसाला आपल्याकडे वेडा म्हणतात. बायको म्हणते, मुलं म्हणतात, शेजारी तर म्हणतातच. प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक आळीत असा एक गृहस्थ असतो. त्याच्या वहीत तारीखवार नोंदी असतात, तक्रारीचे क्रमांक असतात, आणि तो जिन्यात भेटला की लोक घाईत असल्यासारखे वर चढून जातात. मला हा माणूस फार मोलाचा वाटतो. हा लेख त्याच्या स्तुतीसाठी आहे.

आधी शहाण्यांचा हिशेब नीट मांडतो, कारण त्यात चूक नाही. गेला एक रुपया. तो परत मिळवायला अर्धा तास जाणार, आणि अर्ध्या तासाची किंमत रुपयापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून सोडून द्यावं. गणित बरोबर आहे, पण ते एकट्यापुरतं आहे. आपण सोडून दिलेला रुपया आपल्याकडून सुटा जातो. जिथे जमा होतो तिथे मात्र तो लाखो शहाण्यांनी सोडलेल्या रुपयांच्या बेरजेत जाऊन बसतो. वेडा आपल्या रुपयामागे धावतो तेव्हा त्या सगळ्या बेरजेवर बोट ठेवतो.

प्रीपेडमध्ये तर हे बोट ठेवणं आणखी अवघड. पोस्टपेडवाल्याच्या हातात महिन्याकाठी बिल येतं. ते पाहून त्याला भांडता येतं, पैसे भरायचे थांबवता येतं. प्रीपेडवाल्याने पैसे आधीच भरलेले असतात. त्याच्याकडे बिल नसतं, असतो फक्त बॅलन्सचा आकडा, आणि तो कधी कशामुळे उतरला हे विचारल्याशिवाय कळत नाही. आपल्या देशातल्या बहुतेक मोबाइल जोडण्या प्रीपेडच आहेत. रोजंदारीवर जाणारा, धुणीभांडी करणारी, शिकायला शहरात आलेलं पोर, गावाकडे एकटी राहणारी आजी, सगळे याच रांगेत. दहाचं टॉपअप मारणाऱ्याला एक रुपया म्हणजे दहावा हिस्सा असतो. ही गोष्ट शहाण्यांच्या हिशेबात कधी येत नाही.

सणाचे दिवस आठवा. व्हॉट्सअ‍ॅप येण्याआधी दिवाळीच्या शुभेच्छा मेसेजनेच जात. त्यासाठी लोक आधी मेसेजचं पॅक मारून ठेवायचे, म्हणजे काही पैशांत एक मेसेज पडायचा. आणि नेमक्या लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, एकतीस डिसेंबरला, होळीला ते पॅक चालायचं नाही. त्या दिवसाला कंपन्या ‘ब्लॅकआउट डे’ म्हणत. शुभेच्छा पाठवायला घेतलेलं पॅक शुभेच्छांच्या दिवशीच बंद, आणि प्रत्येक मेसेजला मेन बॅलन्समधून पूर्ण दर. पंचवीस-तीस नातेवाइकांना मेसेज टाकून झाला की भाऊबिजेला बहिणीला फोन करायला बॅलन्स उरायचा नाही. शहाणे म्हणायचे, सणासुदीला कशाला चिडचिड? वेडे चिडले. पुढे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, असे दिवस वर्षाला पाचांवर नकोत आणि ते ग्राहकाला आधी सांगितलेले असावेत असं बंधन घातलं. २०१६ साली जिओने बाजारात उतरताना हे दिवस आपल्याकडे नसतील असं जाहीर केलं. आज ही प्रथा विस्मरणात गेली आहे. तिच्यावर पहिल्यांदा ज्यांनी आरडाओरड केली, त्यांनाही कोणी आठवत नाही.

वेड्यांचा विजयच होतो असं मात्र मी सांगणार नाही. २००७ साली ‘कौन बनेगा करोडपती’च्या तिसऱ्या पर्वात प्रेक्षकांसाठी स्पर्धा होती. उत्तर मेसेजने पाठवायचं, आणि त्या मेसेजला २ रुपये ४० पैसे पडायचे. मेसेज आले सुमारे ५ कोटी ८० लाख. म्हणजे जवळपास १४ कोटी रुपये. भाग्यवान विजेत्यांना मिळून वाटलं गेलेलं बक्षीस एक कोटीच्या थोडं वर. एका ग्राहक संस्थेने विचारलं की बक्षीस फुकट असल्याचं भासवून ते लोकांच्याच मेसेजच्या पैशातून दिलं जातं आहे का? राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये तो आक्षेप मान्य केला आणि वाहिनी व मोबाइल कंपनी यांच्यावर एक कोटीचा दंड बसवला. पुढे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुराव्याअभावी तो निर्णय रद्द केला. संस्था हरली. तरीही मी तिला वंदन करतो. २ रुपये ४० पैशांना गुणून पाहण्याचं काम तिने केलं नसतं तर त्या आकड्यांची बेरीज न्यायालयात कधी वाचलीच गेली नसती.

नकळत सुरू होणाऱ्या सेवांची गोष्ट तर घराघरातली. कॉलर ट्यून, राशिभविष्य, क्रिकेटचा स्कोअर, रोजचा विनोद. कुठलं तरी बटण दाबलं गेलं, कधी तर दाबल्याचंही आठवत नाही, आणि महिन्याला तीस रुपये जाऊ लागले. म्हाताऱ्या माणसांना वाटायचं, आपल्यालाच फोन वापरता येत नाही. त्यांना स्वतःच्या अडाणीपणाची लाज वाटायची. या लाजेवर किती पैसा उभा राहिला असेल याचा विचार आला की मला आजही संताप येतो. ‘ट्राय’ने जुलै २०१३ मध्ये नियम केला की अशी सेवा सुरू करण्यापूर्वी ग्राहकाची दोनदा संमती घ्यावी लागेल. सेवा बंद करण्यासाठी १५५२२३ हा सगळ्या कंपन्यांना सामायिक असा क्रमांक आहे. असे नियम तक्रारींच्या ढिगातून निघतात, आणि त्या ढिगातला प्रत्येक कागद कोणीतरी तीस रुपयांसाठी खरडलेला असतो.

आता मेसेजचे दिवस संपले असं वाटत असेल तर यूपीआय सुरू करून पाहा. खातं जोडताना फोन बँकेच्या ओळखीसाठी स्वतःहून एक मेसेज पाठवतो. पॅकमध्ये मेसेज नसतील तर रुपया-दीड रुपया मेन बॅलन्समधून जातो. मेन बॅलन्स शून्य असेल तर मेसेजच जात नाही आणि खातं जोडलं जात नाही. आयफोनमध्ये सिम बदललं की आयमेसेज आणि फेसटाइम सुरू करण्यासाठी परदेशी क्रमांकावर मेसेज जाऊ शकतो, आणि त्याला परदेशी दर लागतो. स्क्रीनवर ‘मोबाइल कंपनी शुल्क आकारू शकते’ अशी ओळ येते खरी, पण किती आकारेल ते त्या ओळीत नसतं. मेसेज माणसाने लिहिलेला नाही, वाचलेला नाही, पैसे मात्र त्याचे.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त बोचलेली गोष्ट १९०० या क्रमांकाची. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २०११ च्या जानेवारीपासून आहे. त्यासाठी ‘पोर्ट’ हा शब्द आणि आपला नंबर १९०० ला मेसेज करायचा. पण स्वस्तातल्या काही प्लॅनमधून मेसेजची सोयच काढून टाकली गेली. म्हणजे बाहेर पडायचं तर आधी ज्याला सोडायचं त्याच्याकडेच महागडं रिचार्ज मारा. भाडेकरूने घर सोडायचं म्हटलं तर दाराची किल्ली मालकाने विकत द्यावी, तसं हे. शहाण्या माणसाने महागडं रिचार्ज मारलं आणि निघून गेला. वेडा थांबला, त्याने तक्रार केली, आणि तक्रारी ‘ट्राय’पर्यंत पोहोचल्या. ७ डिसेंबर २०२१ रोजी आदेश निघाला की प्लॅन कुठलाही असो, १९०० ला मेसेज पाठवण्याची सोय प्रत्येक ग्राहकाला मिळालीच पाहिजे. आज सर्वांत स्वस्त प्लॅनवर असलेला माणूस कंपनी बदलू शकतो, तो अशा लोकांच्या हट्टामुळे.

नियामकाचं सगळंच बरोबर असतं असंही नाही. जाहिरातींचे मेसेज रोखण्यासाठी २०११ मध्ये ‘ट्राय’ने एका सिममधून दिवसाला किती मेसेज पाठवता येतील यावरच मर्यादा घातली. दिल्लीतली एक संस्था उच्च न्यायालयात गेली. सामान्य माणसाचे मेसेज मोजून अडवणं म्हणजे त्याच्या बोलण्याच्या हक्कावर बंधन आहे, हे म्हणणं जुलै २०१२ मध्ये न्यायालयाला पटलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात दुसरी वाट निघाली. शंभरच्या पुढच्या प्रत्येक मेसेजला किमान ५० पैसे लावायचे. ते ५० पैसे जून २०२० पर्यंत टिकले.

वेड्याच्या हातात काय काय आहे ते शहाण्यांना सहसा माहीत नसतं. १९८ हा तक्रारीचा क्रमांक फुकट आहे. तक्रार नोंदली की डॉकेट क्रमांक मिळायलाच हवा. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत आणि निकाल ३९ दिवसांत लागायचा असतो. प्रीपेड ग्राहकालाही मागच्या सहा महिन्यांतला तपशीलवार वापर मागण्याचा हक्क आहे, त्यासाठी जास्तीत जास्त ५० रुपये घेता येतात. एका रुपयाचा माग काढायला ५० रुपये! माझ्या स्तुतीला सर्वाधिक पात्र कोण असेल तर हे ५० रुपये भरणारा. त्याने हिशेब सोडलेला नसतो. त्याने फक्त हिशेबाचं पान बदललेलं असतं. कागद हाती आला की एक रुपया कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या क्रमांकासाठी गेला हे ठरतं, आणि मग त्याच कारणाने बाकीच्यांचे गेलेले रुपयेही बोलू लागतात.

ग्राहक न्यायालयाची वाटही अशीच कोणी तरी मोकळी केली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं होतं की टेलिफोनच्या बिलाचे वाद ग्राहक मंचाकडे न्यायचे नाहीत, १८८५ च्या तार कायद्यातल्या लवादाकडे न्यायचे. सामान्य माणसाच्या दृष्टीने दार बंद झालं. २०१४ मध्ये अहमदाबादच्या एका ग्राहकाने तरीही जिल्हा मंचात तक्रार दाखल केली. एरवी साडेपाचशेच्या आसपास येणारं त्याचं बिल एका महिन्यात चोवीस हजारांवर गेलं होतं. त्याचं कनेक्शन पोस्टपेड होतं, पण निकाल सगळ्यांच्या उपयोगी पडला. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मोबाइल ग्राहकाला ग्राहक मंचाकडे जाता येतं. आता पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्कही नाही. दहाच्या टॉपअपवालाही या दारातून आत जाऊ शकतो.

त्याच वर्षी मथुरेतल्या एका वकिलांचा खटला निकाली निघाला. रेल्वेची दोन तिकिटं ७० रुपयांची, घेतले ९०. वीस रुपयांसाठी ते १९९९ पासून लढत होते. शंभरावर तारखा झाल्या. घरचे थकले, त्यांना समजावत राहिले. ऑगस्ट २०२२ मध्ये मंचाने त्यांचे वीस रुपये बारा टक्के व्याजासह परत करायला आणि वर पंधरा हजार द्यायला सांगितलं. लोकांनी ही बातमी गंमत म्हणून वाचली. मी ती वाचून उभा राहिलो होतो.

महाराष्ट्राला या वेडाची परंपरा आहे. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायत उभी केली, त्यानंतर मुंबईची ग्राहक पंचायत आली. देशाचा ग्राहक संरक्षण कायदा व्हायला तेव्हा अजून बारा वर्षं होती. त्या वेळी वजनात मारलेल्या पन्नास ग्रॅमबद्दल, दुधात घातलेल्या पाण्याबद्दल वाण्याशी आणि दूधवाल्याशी वाद घालणाऱ्या बायका-माणसांना काय ऐकून घ्यावं लागलं असेल, ते आपल्या घरातल्या मोठ्यांना विचारा. मोबाइलवाला वेडा त्यांच्याच कुळातला.

आणि त्याच्यासाठी काम अजून पडून आहे. मराठी माणसाच्या अगदी जवळचं काम. एका मेसेजमध्ये रोमन लिपीतली १६० अक्षरं मावतात. देवनागरीत लिहिलं की फक्त ७०, कारण यंत्राला देवनागरीच्या प्रत्येक खुणेसाठी जास्त जागा लागते, आणि काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा’ एवढ्या तीन शब्दांना २७ जागा जातात. ‘आपणास व आपल्या कुटुंबीयांस दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा. हे वर्ष सुखाचे जावो’ एवढं लिहिलं की ७५ होतात, म्हणजे दोन मेसेज. खाली नाव-गाव घातलं तरी तेच दोन. हाच मजकूर रोमन लिपीत लिहिला तर एका मेसेजमध्ये निघतो. रोमन मजकुरात एकच देवनागरी अक्षर पडलं तरी मर्यादा ७० वर येते. रोज शंभर मेसेज मिळणाऱ्या मोठ्या प्लॅनवर हे जाणवत नाही. मोजके मेसेज असलेल्या छोट्या पॅकवर, किंवा मेन बॅलन्समधून पाठवणाऱ्यावर, आपल्या लिपीत लिहिण्याचा दर दुप्पट होतो. हे गणित यंत्राच्या मर्यादेतून आलं आहे, कोणाच्या दुष्टाव्यातून नाही, हे मला मान्य आहे. पण यंत्राने किती तुकडे केले ते यंत्राने पाहावं. ग्राहकाने एक संदेश लिहिला, एक पाठवला, त्याचे पैसे एका संदेशाचेच घ्यावेत.

ही मागणी लिहून १९८ वर नोंदवावी, डॉकेट क्रमांक घ्यावा, उत्तर आलं नाही तर अपील करावं, आणि प्रत ‘ट्राय’कडे पाठवावी. अर्ज देवनागरीत असावा.