जरा हळू

माझा लॅपटॉप इतका हलका आहे की, तो पिशवीत आहे की घरीच राहिला, हे मधूनमधून चाचपून पाहावं लागतं. विकतानाच दुकानातल्या मुलानं बजावलं होतं, "काका, यावर गेम चालणार नाहीत हं." गेम म्हणजे ज्यांच्यापायी पंखे घरघरतात, मांडी भाजते आणि जे उतरवून घेण्यात अख्खी रात्र जाते ते, असं त्याला वाटत असणार. मला हवे होते ते त्याच्या जन्माआधीचे, एकदोन फ्लॉप्यांत संसार थाटणारे. गेमसमोर हे यंत्र दुबळं ठरेल ही त्या मुलाची भीती. प्रत्यक्षात अडचण आली ती अगदी उलटी.

मी आधी 'डिगर' सुरू केला. कॅनडातल्या विंडमिल सॉफ्टवेअरनं १९८३ साली काढलेला, जमीन पोखरत पाचू वेचण्याचा खेळ. तो रचला ४.७७ मेगाहर्ट्झच्या यंत्रासाठी. त्या काळातले कित्येक खेळ घड्याळाकडे पाहतच नसत. यंत्राचा संथपणा हेच त्यांचं घड्याळ. पुढे यंत्रं वेगवान झाली आणि असे खेळ चेकाळले. म्हणून तर जुन्या डब्यांच्या तोंडावर 'टर्बो' नावाचं बटण असे, आणि त्याचा खरा उपयोग यंत्राला लगाम घालण्यासाठीच व्हायचा. आता ते काम डॉसबॉक्स करतं. २००२ पासून हे सॉफ्टवेअर जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करत आलं आहे. त्यात कंट्रोल आणि एफ-अकरा दाबलं की वेग एकेक पायरी उतरतो. माझ्या लॅपटॉपवर एफ-अकरासाठी आणखी एक कळ धरावी लागते, त्यामुळे मी पेटीवर षड्ज-पंचम लावून बसल्यासारखा दिसतो. एरवी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढणारा नातू आजोबांबरोबर देवळात निघाला की कसा प्रत्येक वळणावर आपल्याच मनानं थांबल्यासारखं दाखवतो, तसा लॅपटॉप तेव्हा वागतो. सेकंदाला अब्जावधी हिशेब करू शकणारं हे पोर निमूटपणे मागं रेंगाळतं, आणि आजोबांना कळूही देत नाही.

मग 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या कॉलेजात कॉम्प्युटरची खोली म्हणजे गाभारा होता. चपला बाहेर, पडदे ओढलेले, आणि अख्ख्या इमारतीतला एकुलता एक एसी माणसांसाठी नव्हे, यंत्रांसाठी. सर बाहेर गेले की तिघे मिळून एक राजपुत्र चालवायचे: एकाकडे बाण, दुसऱ्याकडे शिफ्ट, आणि तिसऱ्याकडे दार. राजकन्येला सोडवायला खेळात साठ मिनिटं मिळत. आमचं प्रॅक्टिकल पाऊण तासाचं. म्हणजे विद्यापीठानं वेळापत्रक आखलं तेव्हाच तिची सुटका अशक्य झाली होती. खेळ राखून ठेवायची सोय होती म्हणे, पण तिसऱ्या पातळीपासून पुढे. आणि तिथवर आमच्यातलं कुणी पोचलंच नव्हतं.

आता पोचतो, कारण दाराकडे पाहावं लागत नाही. आणि निवांत पाहिलं की जाणवतं, हा राजपुत्र धावतो ते चित्रासारखा नाही. एखादा खराखुरा मुलगा धावावा तसा, उडीआधी किंचित कचरत. तो खरा मुलगाच आहे. हा खेळ रचणाऱ्या जॉर्डन मेकनरनं १९८५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका पार्किंगच्या मोकळ्या जागेत आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रण केलं आणि त्यातली एकेक मुद्रा उतरवून घेतली. खेळ आला १९८९ साली. तो भाऊ कधीच मोठा झाला असेल. त्याचं ते शाळकरी धावणं मात्र जगभरच्या पडद्यांवर अजून चालूच आहे. कुणाच्या तरी थोरल्या भावानं हौसेनं पळायला लावलेल्या त्या पोराला आपण टोकदार सळ्यांवर किती वेळा पाडलं, या विचारानं हल्ली मी उडीआधी नीट अंतर मोजतो.

खेळातलं सगळ्यात देखणं पात्र तर गरिबीतून जन्मलं. शत्रूची नवी आकृती मावायला यंत्राच्या स्मृतीत जागाच नव्हती; म्हणून राजपुत्राचीच आकृती आकड्यांची उलटापालट करून वापरली, आणि आरशातून त्याची धूसर सावली बाहेर पडली. शेवटाकडे ती तलवार उपसून समोर येते. तिच्यावर वार केला की रक्त आपलं आटतं. उपाय एकच, तलवार म्यान करायची. दोघं एकमेकांत मिसळतात, आणि मग पुढच्या मोकळ्या खाईत पाऊल टाकलं की पायाखाली फरशी उमटत जाते. आमच्या त्या खोलीत हे कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. तलवार मिळवण्यातच आमचा जीव जायचा.

परवा रात्री मी बाराव्या पातळीवर, त्या सावलीच्या अलीकडे होतो. स्वयंपाकघरातून आवाज आला, "सुटली का तुझी राजकन्या?"

"अजून नाही. सात मिनिटं राहिलीत."

"मग एस्केप दाब आणि गवार मोडायला ये. इतकी वर्षं थांबलीय ती, गवारीपुरती थांबेल."