सहानंतरचा समुद्र

सुट्टीत मुलांना समुद्रापेक्षा शिस्तीची गरज असते, हे क्युनार्ड कंपनीने अचूक ओळखलं आहे. ‘क्वीन मेरी २’ या जहाजाच्या मुख्य भोजनगृहात संध्याकाळी सहानंतर अर्धी चड्डी चालत नाही, ठरावीक रात्री तर पुरुषांना गडद सूट किंवा डिनर जॅकेट. ज्याला हे झेपत नाही, त्याने बुफेकडे वळावं. सोवळं बुडालं म्हणून हळहळणाऱ्यांनी धीर धरावा.

रत्नागिरीने ही संधी पूर्वीच दवडली. मुंबईची बोट खोल पाण्यात थांबे आणि चाकरमानी ट्रंक, बोचकी, पोरं सावरत पडावातून तिच्यावर चढत. टाय कोणाच्याच गळ्यात नसे! निदान दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर तरी तो आता सक्तीचा व्हावा. मासळीच्या पाटीवाल्यांना बो चालेल.

शहरातल्या एका घरी ‘क्वीन मेरी २’वरच्या सहलीसाठी बैठक बसली. बाबांचा लग्नातला सूट निघाला. डांबरगोळ्यांचा वास, बटण आणि काज यांत चार बोटांचं अंतर. आजोबांनी पंचा सोडायला साफ नकार दिला.

जहाजावर कुत्र्यांसाठी चोवीस पिंजरे आहेत, सोयीसाठी दिव्याचा खांबही. त्यांना सूट लागत नाही.

ठराव एकमताने मंजूर झाला: मोत्याचं तिकीट काढावं.