हंगामी वाळवंटाचे रहिवासी

नव्या ले-आउटमध्ये नळ यायला वर्षं लागतात. रस्त्याचा विषय निवडणुकीच्या तोंडावर निघतो आणि निकालानंतर खाली बसतो. खांब आधी येतात, दिवे मागून. ऊन तेवढं पहिल्या दिवसापासून, कोणाच्या अर्जाविना, घरपोच मिळतं. अकोल्याच्या कडेला प्लॉट घेऊन घर बांधणाऱ्या माणसाची ही पहिली नागरी सुविधा.

हौस म्हणून इकडे कोणी येत नाही. परवडतं म्हणून येतात. जठारपेठेत किंवा रणपिसे नगरात ज्या पैशांत चार चौकश्या करून माणूस गुपचूप घरी येतो, त्यात इकडे डुप्लेक्स उभा राहतो. पुढे स्कूटीपुरतं अंगण, मागे कढीपत्त्यापुरतं परसू. २०१६ साली हद्दवाढ झाली आणि आसपासची २४ गावं महापालिकेत आली, पण शेतांना ही बातमी अजून पोचलेली नाही. आमच्या कंपाउंडला लागून तूर उभी असते. रात्री रोही येतात. नकाशात ‘ओपन स्पेस’ म्हणून सोडलेल्या जागेचा खरा उपयोग तेच करतात. आम्ही तिथे बाग करणार आहोत, असं दर संक्रांतीला ठरतं.

पुण्याचा मावसभाऊ एकदा मे महिन्यात आला. गाडीतून उतरला, चारी दिशांना पाहिलं आणि म्हणाला, “हे तर वाळवंट आहे रे.” मला थोडं लागलं. वाळवंट कसं असेल? जैसलमेरला वर्षाला दोनशे मिलिमीटर पाऊस पडायची मारामार, आमच्याकडे सातशे-आठशे पडतो. कापूस, सोयाबीन, तूर, सगळं पिकतं. सोन्याची कुऱ्हाड म्हणतात ती काय उगीच? पण भर दुपारी दोन वाजता, पायाखाली हातभर भेगाळलेली काळी जमीन आणि वर एकही ढग नाही अशा अवस्थेत, वाद घालायला तोंडाला ओल लागते. मी एवढंच म्हटलं की आमचं वाळवंट हंगामी आहे. मार्चअखेर उघडतं, मृगाला बंद होतं.

या हंगामाचा आम्हाला एक चोरटा अभिमानही आहे. संध्याकाळी मोबाइलवर आकडे येतात तेव्हा अकोला वर आहे का, हे आधी पाहिलं जातं. अकोला ४५च्या पुढे आणि अमरावती जरा मागे, म्हणजे दिवस कारणी लागला. चंद्रपूर किंवा ब्रह्मपुरी पुढे गेलं, की ओट्यावर शांतता पसरते. “त्यायच्या इकडे कोळशाच्या खाणी हायेत ना बाप्पा,” असं कोणीतरी म्हणतं आणि आमचा निकाल न्याय्य नसल्याचं सगळ्यांना पटतं. २०२४च्या मे महिन्यात तर उन्हामुळे जिल्ह्यात ३१ तारखेपर्यंत कलम १४४ लागलं होतं. कामगारांना पाणी आणि पंखा द्या, शिकवण्या दुपारच्या घेऊ नका, असा तो आदेश. दंगलीसाठीचं कलम सूर्याला लागलेलं आम्ही पाहिलं. सूर्याने ते मानलं नाही, पण नवतप्यात कोणाचंच कोणी मानत नाही.

अशा ठिकाणी संसाराचा खरा कर्ता पुरुष म्हणजे कूलर. इकडचं घर कूलरची खिडकी कुठे, यावरून आखतात. देवघर नंतर. लोखंडी पत्र्याचा, गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्याने ठोकून दिलेला, तीन बाजूंना गवताच्या ताट्या आणि पोटात पाणी. ओल्या गवतातून कोरडी हवा ओढली की पाणी वाफ होतं आणि जाता जाता हवेतली उष्णता घेऊन जातं. हवा जितकी कोरडी तितका हा गडी जोरात. बाहेर ४५ असताना खोलीत तीसच्या आसपास आणण्याची किमया तो करतो, आणि तेही एसीच्या मानाने चिल्लर विजेवर. जूनमध्ये हवेत दमटपणा आला की हाच कूलर खोलीत नुसता चिकट वारा फिरवतो. मुंबईकरांना कूलर का कळत नाही, त्याचं उत्तर यात आहे.

पण कूलरला पाणी लागतं, आणि इथे आमच्या स्वस्त प्लॉटचं गुपित उघडं पडतं. अकोल्याहून अकोटकडे जाऊ लागलं की पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा लागतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत तो पसरलेला आहे. खाली खोल गाळ, निचरा कमी, आणि पिढ्यान्‌पिढ्या साठलेले क्षार. शेतकरी शहाणे, ते विहिरीचं पाणी पिकाला सहसा दाखवत नाहीत. जमीन कडक होते. जिरायती कपाशी घेतात, ओलीवर हरभरा घेतात आणि खालच्या पाण्याच्या नादी लागत नाहीत. नादी आम्ही लागलो. बोअर मारला, पाणी लागलं म्हणून पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी त्या पाण्यात डाळ शिजेना. चार शिट्ट्या झाल्या, आठ झाल्या, डाळ जशीच्या तशी. शेवटी शेजारच्या वहिनींनी आपल्या कॅनमधलं तांब्याभर पाणी दिलं तेव्हा ती मऊ पडली.

कूलरचं तर विचारूच नका. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. पंधरवड्यात ताट्यांवर पांढरा थर चढतो, महिन्याभरात गवताचा पापड होतो आणि टाकीचा पत्रा तळातून झिरपू लागतो. त्यामुळे आमच्याकडे पाण्याच्या जाती ठरलेल्या. महानच्या काटेपूर्णा धरणाचं नळाचं पाणी प्यायला आणि डाळीला. टँकरचं आंघोळीला. बोअरचं भांड्यांना, फरशीला, आणि कूलरला कोणतं यावर रोज भांडण. आई म्हणते बोअरचं टाका, गवत बदलता येते. बायको म्हणते गवताचे पैसे कोण देते? मुलगा रात्री सगळे झोपल्यावर प्यायच्या पाण्याची बादली कूलरमध्ये ओततो, असा घरात दाट संशय आहे. पुरावा एवढाच की त्याच्या खोलीतल्या कूलरच्या ताट्या मे अखेरपर्यंत पिवळ्याजर्द राहतात.

अमरावतीला राहणारी बहीण या बाबतीत नशीबवान. तिचं घर कठोरा रस्त्याकडच्या नव्या वस्तीत आहे, ऊन तेच, पण शहराला अप्पर वर्धाचं पाणी. ती फोनवर “आमच्याकडे तर कूलरलाही नळाचंच टाकतो,” असं म्हणते तेव्हा मी विषय बदलून तापमानावर नेतो. तिथे आम्ही पुढे असतो.

संध्याकाळी सहानंतर वस्ती बिळातून बाहेर येते. दिवसभर दुपट्ट्याने चेहरा बांधून गेलेल्या बायका दुपट्टा सोडतात आणि मगच कळतं ही कोण होती. स्लॅबवर पाणी मारलं जातं. पहिल्या बादलीला चर्र आवाज येतो, तिसऱ्या बादलीनंतर पाय ठेवता येतो. दुपारी त्याच स्लॅबवर मूगवड्या दोन तासांत खडखडीत वाळलेल्या असतात, हा उन्हाकडून मिळणारा एकमेव परतावा. मग गाद्या वर जातात. घरांमधली भिंत सामायिक, तिची उंची गुडघाभर, त्यामुळे झोपता झोपता चार घरांचं बोलणं एकत्र होतं. कोणाच्या मुलीला पंजाबराव कृषी विद्यापीठात प्रवेश मिळाला, कोणाचा हप्ता थकला, कोणाच्या भिंतीला भेग गेली. भेगा सगळ्यांच्याच. काळी माती उन्हात आकसते, पावसात फुगते आणि वरचं घर तिच्या मर्जीने हलतं. मिस्त्रीला विचारलं तर तो म्हणतो, “काही नाही साहेब, माती सेट होऊन रायली.” घराला बारा वर्षं झाली, माती अजून सेट होतेच आहे.

मग एके दिवशी आभाळ भरतं, वाळवंट बंद होतं आणि दुसरं संकट उघडतं. मुरूम टाकलेला रस्ता आठ दिवसांत काळ्या मातीच्या पोटात जातो. स्कूटीचं चाक मडगार्डपर्यंत चिखलाने भरतं आणि फिरणं सोडून देतं. सगळ्यांच्या गाड्या हायवेच्या कडेला, आणि माणसं चपला हातात घेऊन घराकडे.

हा हायवे म्हणजे साधासुधा नव्हे. २०२२च्या जून महिन्यात लोणी ते माना असा ७५ किलोमीटरचा पट्टा त्यावर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला आणि गिनीज बुकात नाव गेलं. आमच्या ओळीत एसटीतून निवृत्त झालेले एक काकाजी आहेत. आयुष्यभर तिकिटांचा हिशेब केलेला माणूस. परवा चिखलात एक पाय रुतलेला असताना त्यांनी उभ्या उभ्या आकडेमोड केली.

“आपला रस्ता तीनशे मीटर. त्या हिशेबानं पंचवीस मिनिटाचं काम हाय.”

मी म्हटलं, “मग बोलावू का त्यायले?”

“बोलाव ना. पन काकूले आधी सांग, चहा दुधाचा ठेवजो म्हनाव. बोअरच्या पान्याचा कोरा चहा पेले त रेकॉर्ड अर्ध्यातच सोडून जातीन.”